जखम भरली, तरी आग का राहते?

"जखम कधीच भरली, पण नुसता पदर लागला तरी आग होते." आरोग्याच्या कामासाठी वस्त्यांमधून फिरताना हे वाक्य मी किती वेळा ऐकले, त्याची गणती नाही. सांगणारी माणसे वेगवेगळी असतात. कोणाला नागीण होऊन गेलेली असते, कोणाच्या हाताला ऊस तोडताना कोयता लागलेला असतो, कोणाची साखर दहा-दहा वर्षे वाढलेली असते. घरच्यांचे उत्तर मात्र बहुधा एकच असते, "वरून तर काही दिसत नाही. कामाचा कंटाळा आला असेल." शेजारीपाजारी कोणी तरी करणीबाधेचा विषय काढते. दवाखान्यात गेले तर अंगदुखीची गोळी मिळते आणि ती काही केल्या लागू पडत नाही.

या दुखण्याला नाव आहे, कारण आहे आणि त्यावर औषधेही आहेत. हे दुखणे खरे असते, याचा सर्वांत भक्कम पुरावा प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांनी दिला आहे. उंदराला ना कामाचा कंटाळा येतो, ना कोणाची सहानुभूती हवी असते. त्याने पाय उचलून धरला तर तो सोंग करतो, असे कोणी म्हणू शकत नाही.

नस म्हणजे नेमके काय?

आपण बोलताना रक्ताच्या शिरेलाही नस म्हणतो. या लेखात नस म्हणजे मज्जातंतू. त्वचेला काय लागले, किती गरम आहे, कुठे टोचले, ही बातमी मज्जातंतूंमार्फत आधी पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत जाते आणि तिथून मेंदूत पोहोचते. स्पर्शाची बातमी नेणारे तंतू वेगळे आणि वेदनेची बातमी नेणारे वेगळे. चुलीतला निखारा हाताला लागला की आपण विचार करण्याआधीच हात मागे घेतो. ही वेदना उपयोगाची आहे, ती आपल्याला वाचवते. जखम भरली की ती थांबते.

पण इजा खुद्द मज्जातंतूलाच झाली तर? मग निरोप्याच आजारी पडतो. तो खोटे निरोप पाठवू लागतो. कोणी हात लावलेला नसताना आग, करंट, मुंग्या अशा संवेदना येतात. थोडेसे टोचले तरी असह्य दुखते. नुसता कापसाचा किंवा पातळाचा स्पर्शही वेदना होऊन मेंदूत पोहोचतो. त्यातही गंमत अशी, की त्याच जागेचा काही भाग बधिरही असतो. "बधिर आहे म्हणता आणि दुखतेही म्हणता, असे कसे?" हा प्रश्न रुग्णाला टोमण्यासारखा विचारला जातो. नसेच्या इजेत हे दोन्ही एकाच वेळी होते. तेच तर तिचे लक्षण आहे.

सैनिकांच्या बुटांतले पाणी

हे दुखणे डॉक्टरांनी नीट लिहून ठेवले ते अमेरिकेतल्या यादवी युद्धात. १८६१ ते १८६५ या काळात चाललेल्या त्या युद्धात हजारो सैनिकांच्या हातापायांत गोळ्या शिरल्या. फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी अशा सैनिकांवर उपचार केले. जखमा भरल्या होत्या, तरी सैनिक भाजल्यासारख्या आगीने तळमळत होते. हातावर सतत ओले फडके ठेवत. काही जण बुटांत पाणी ओतून घेत. वर्तमानपत्राची सळसळ किंवा शेजारून कोणी चालल्याचा हादराही त्यांना सोसवत नसे. मिचेल यांनी त्यांची तक्रार खरी मानली आणि या दुखण्याला 'कॉसाल्जिया' हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून घेतलेल्या या नावाचा अर्थ होतो जळणारी वेदना.

पण असे का होते, हे कळायला आणखी शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

चार सैल गाठी

सायटिका हा शब्द आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. कमरेतून पायात जाणारी सायटिक ही शरीरातली सर्वांत जाड नस. १९८८ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ गॅरी बेनेट आणि यी-कुआन शिए यांनी भूल दिलेल्या उंदराच्या मांडीत ही नस उघडी केली आणि तिच्याभोवती कॅटगटच्या धाग्याच्या चार सैल गाठी मारल्या. कॅटगट म्हणजे शरीरात आपोआप विरघळणारा टाक्याचा धागा. आम्हा परिचारिकांच्या तो चांगल्या ओळखीचा. नस तोडली नव्हती, घट्ट आवळलीही नव्हती. फक्त तिला सूज येऊन ती दाबली जाईल एवढेच केले होते.

दुसऱ्याच दिवसापासून फरक दिसू लागला. उंदीर तो पाय जमिनीवर टेकवेना, पोटाशी धरून ठेवू लागला. त्या तळपायाला थोडी ऊब दिली तरी तो आधीपेक्षा लवकर पाय काढून घेई. थंड फरशीवर ठेवला तर पाय वर उचलून धरी. हलक्या स्पर्शालाही पाय झटके. हे सारे दोन महिन्यांहून अधिक काळ टिकले. दुसऱ्या पायावरही तशीच शस्त्रक्रिया केली होती, मात्र तिथे नसेला गाठ मारली नव्हती. त्या पायात असा बदल झाला नाही. म्हणजे दोष कातडीच्या जखमेचा नव्हता, नसेच्या इजेचा होता.

उंदराला "किती दुखते?" असे विचारता येत नाही. मग मोजतात कसे? उंदराला जाळीवर ठेवतात आणि खालून तळपायाला बारीक नायलॉनचे केस टोचतात. प्रत्येक केसाची जाडी ठरलेली, म्हणून किती जोराने टोचले ते ग्रॅममध्ये सांगता येते. निरोगी उंदीर ज्या केसाकडे लक्षही देत नाही, त्याच केसाने नसेची इजा झालेला उंदीर पाय झटकतो. ही पद्धत माक्स फॉन फ्राय या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते आणि माणसांची संवेदना तपासायलाही वापरली जाते.

आवाजाचे बटन अडकते

आत नेमके काय घडते? जयंतीच्या मिरवणुकीतला साऊंड डोळ्यांसमोर आणा. माईक, वायर, मशीन आणि भोंगा. नसेला इजा झाली की आधी वायर बिघडते. वरचे आवरण गेलेल्या वायरमधून जशा ठिणग्या उडतात, तसे इजा झालेले तंतू कोणी न बोलता स्वतःच संदेश सोडू लागतात. शेजारचे चांगले तंतूही सुजेमुळे चिडतात.

त्यानंतर मशीन बिघडते. हे मशीन म्हणजे मज्जारज्जू. १९८३ साली लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच दाखवून दिले, की पायाला इजा झाल्यावर मज्जारज्जूतील पेशी चेतवल्या जातात आणि चेतलेल्याच राहतात. इजेच्या जागी भूल देऊन तिथले संदेश बंद केले, तरी वाढलेली संवेदना पूर्ण उतरत नाही. म्हणजे माईक बंद केला तरी भोंगा घुमतच राहतो, कारण आवाजाचे बटन वर अडकून बसले आहे. मग साधा स्पर्शही वेदनेइतका मोठा होऊन मेंदूत पोहोचतो.

हे बटन कोण अडकवते? २००३ साली जपान आणि कॅनडातील शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाचा धागा पकडला. मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्या तिथल्या राखणदार. नसेला इजा झाली की त्या जाग्या होतात आणि वेदनेच्या पेशींना आणखी चेतवतात. उंदरांमध्ये या राखणदारांचे काम औषधाने अडवले, तेव्हा स्पर्शाने होणारी वेदना कमी झाली. उलट अशा चेतवलेल्या मायक्रोग्लिया निरोगी उंदराच्या मज्जारज्जूत सोडल्या, तेव्हा नसेला काहीही झालेले नसताना तो उंदीर स्पर्शाने पाय झटकू लागला.

आता माझ्या भगिनींनी इथे नीट लक्ष द्यावे. असे बहुतेक प्रयोग वर्षानुवर्षे नर उंदरांवरच झाले. २०१५ साली कॅनडातील संशोधकांनी नर आणि मादी दोन्हींवर प्रयोग केले, तेव्हा मादीमध्ये वेदना तेवढीच दिसली, पण मायक्रोग्लिया अडवून ती थांबेना. तिच्यात रोगप्रतिकाराच्या वेगळ्या पेशी हे काम करत असाव्यात, असे आढळले. बाईचे दुखणे घरात तर कमी ऐकले जातेच, शास्त्रानेही ते फार उशिरा तपासायला घेतले. म्हणून "बायकांचे असेच असते" हे वाक्य कोणी डॉक्टरच्या तोंडून ऐकले, तरी मान्य करू नये.

प्राण्यांना वेदना देऊन?

हा प्रश्न आपल्या घरांत उठणे साहजिक आहे. प्राणिमात्राला इजा करू नये, हे शील आपण रोज ग्रहण करतो. मग उंदराची नस बांधणे कसे पटावे? ज्यांना पटत नाही, त्यांचा मी आदर करते. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली अशा प्रयोगांवर देखरेख असते. संस्थेच्या समितीची मंजुरी लागते, कमीत कमी प्राणी वापरणे आणि त्यांना कमीत कमी त्रास देणे बंधनकारक असते. तरी वेदना ही वेदनाच. आपल्या हाती एवढेच आहे, की त्या मुक्या जीवांकडून मिळालेले ज्ञान वाया जाऊ द्यायचे नाही. ते कळूनही आपण घरातल्या माणसाला "नाटक करतो" म्हणत राहिलो, तर त्यांचा त्रास फुकट गेला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही लक्षात ठेवावे. उंदरांमध्ये लागू पडलेली कित्येक औषधे माणसांत अपयशी ठरली आहेत. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीतील संशोधकांनी मधुमेह झालेल्या उंदरांवर हेस्पेरिडिन हा संत्र्या-लिंबाच्या वर्गातील फळांत सापडणारा घटक तपासला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात उंदरांच्या नसांचे काम सुधारलेले दिसले. म्हणून कोणी संत्री खाऊन नसेचे दुखणे जाईल असे समजू नये. उंदरापासून औषधाच्या दुकानापर्यंतचा रस्ता फार लांबचा असतो.

आपल्या माणसांचे दुखणे

या विषयावर आपल्या राज्यातला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मुंबईच्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टमध्ये कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण केलेल्या १०१ जणांना तपासले गेले. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. १०१ पैकी २२ जणांना नसेचे दुखणे होते. औषधांचा कोर्स संपला होता, जंतू मेले होते, सरकारी कागदावर माणूस बरा झाला होता, पण त्याची आग थांबली नव्हती. आणि ज्यांना हे दुखणे होते, त्यांच्या मनावरचा ताणही अधिक होता. कुष्ठरोग म्हणजे बधिरपणा, एवढेच आपण शिकलो. त्यात दुखणेही असते, हे विचारायलाच कोणी जात नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनाही हे दुखणे सुटले नाही. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू होते, त्या वर्षांत मधुमेह, झोप न लागणे आणि पायांतील नसांच्या वेदना यांनी ते त्रस्त होते. त्यांचा इलाज मुंबईत डॉ. मालवणकरांकडे चालू होता. मुंबईतच डॉ. शारदा कबीर यांच्याशी परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. पुढे डॉक्टर असलेल्या माईंनी इन्सुलिन, पथ्यपाणी आणि औषधे सांभाळली. बाबासाहेबांनी वेदनेतही काम केले, म्हणून आपणही मुकाट्याने सोसावे, असा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी अंगाराधुपारा केला नाही, डॉक्टर गाठले. घ्यायचा तो धडा हा आहे.

ओळखायचे कसे?

अंग चेपले की बरे वाटणारे, काम केल्यावर ठणकणारे दुखणे बहुधा स्नायूंचे किंवा सांध्यांचे असते. नसेचे दुखणे वेगळ्या शब्दांत बोलते. खालील प्रश्न घरीच विचारा :

- आग होते का? करंट बसल्यासारखा झटका येतो का? बर्फासारखे थंड दुखते का?
- त्याच जागी मुंग्या, सुया टोचणे, बधिरपणा किंवा खाज आहे का?
- कापसाचा बोळा किंवा पदराचे टोक हळूच फिरवले, तर दुखते का? दुसऱ्या बाजूला तसाच फिरवून तुलना करा.
- थंड स्टीलचा चमचा टेकवला, तर चांगल्या बाजूपेक्षा वेगळे लागते का?
- रात्री त्रास वाढतो का? पांघरूणही नकोसे होते का?

यांतील दोन-तीन प्रश्नांना "हो" उत्तर आले, तर डॉक्टरांना याच शब्दांत सांगा. "पाय दुखतो" एवढेच सांगितले तर अंगदुखीची गोळी मिळते. "पायाची आग होते, रात्री पांघरूण सोसत नाही" असे सांगितले तर डॉक्टर नसेचा विचार करतात.

काय करावे, काय टाळावे?

*नागीण :* नागिणीच्या तोंडाला शेपूट मिळाली की माणूस मरतो, ही निव्वळ अंधश्रद्धा. नागीण हा कांजिण्यांच्याच विषाणूचा आजार आहे. लहानपणी शरीरात शिरलेला विषाणू नसेच्या मुळाशी लपून बसतो आणि पुढे कधी तरी त्या नसेच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून पुरळ एकाच बाजूला, पट्ट्यासारखे उठते. पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरची गोळी सुरू झाली, तर आजार लवकर आटोक्यात येतो. उतरवून घेण्यात आणि गेरू लावण्यात हेच तीन दिवस वाया जातात. डोळ्याजवळ नागीण उठली तर एक दिवसही थांबू नका, दृष्टी जाऊ शकते.

*मधुमेह :* साखर ताब्यात ठेवणे हाच नसा वाचवण्याचा पहिला उपाय. रोज झोपण्यापूर्वी तळपाय पाहा, स्वतःला दिसत नसेल तर मुलांना पाहायला सांगा. अनवाणी चालू नका. बधिर पाय गरम पाण्यात घालू नका, शेकू नका, भाजले तरी कळत नाही. मेटफॉर्मिनची गोळी अनेक वर्षे चालू असेल तर बी-१२ तपासून घ्या. त्याच्या कमतरतेनेही नसा खराब होतात. दारू तर नसांची वैरीणच.

*कुष्ठरोग :* अंगावर बधिर चट्टा, कोपरामागची नस जाड होऊन दुखणे, बोटांची ताकद कमी होणे, यांतले काहीही असेल तर लगेच सरकारी दवाखाना गाठा. औषध मोफत मिळते. नस दुखून ताकद जात असेल तर वेळेवर सुरू केलेल्या औषधाने हात वाचतो. उपचार पूर्ण झाल्यावर त्रास झाला, तरीही पुन्हा जा.

*कोयत्याची, छाटणीच्या कात्रीची जखम :* हातावर खोल वार झाला आणि पुढची बोटे बधिर झाली किंवा हलेनाशी झाली, तर नस तुटली असण्याची शक्यता असते. वरवर टाके घालून घरी येऊ नका. कवठे महांकाळहून मिरज लांब नाही, तिथे शस्त्रक्रियेची सोय होते. जखम भरल्यावर स्पर्श सोसत नसेल तर आधी मऊ कापूस, मग सुती कापड, मग खरखरीत टॉवेल, असा रोज थोडा थोडा स्पर्श करण्याचा सराव फिजिओथेरपिस्ट शिकवतात.

*औषधे :* डायक्लोफेनॅकसारख्या अंगदुखीच्या गोळ्या नसेच्या दुखण्यावर फारशा चालत नाहीत. त्या महिनोन्महिने खाल्ल्याने पोटात जखमा होतात आणि मूत्रपिंड खराब होते. नसेच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलोक्सेटिन अशी वेगळी औषधे आहेत. यांतली काही नैराश्यावर, काही फिटवरही देतात. त्यामुळे दुकानदार किंवा एखादा शिकलेला नातेवाईक चिठ्ठी वाचून म्हणतो, "ही तर डोक्याची गोळी!" आणि रुग्ण ती फेकून देतो. असे करू नका. वर सांगितलेले अडकलेले बटन खाली आणण्यासाठीच ती दिलेली असते.

ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. सुरुवात थोड्या मात्रेने होते, गुण यायला काही आठवडे लागतात. झोप येते, चक्कर येऊ शकते. वृद्ध, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तो आधी सांगावा. दारूबरोबर तर मुळीच घेऊ नयेत. एकदम बंद करू नयेत. सर्वांना एकच औषध लागू पडत नाही, एकाने गुण आला नाही तर दुसरे देता येते. दुखणे निम्म्यावर आले आणि रात्री झोप लागू लागली, तर तो मोठाच लाभ समजावा.

*थांबायचे नाही अशी लक्षणे :* कंबरदुखीबरोबर लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत बधिरपणा, पाऊल उचलता न येणे. अशा वेळी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा.

घरच्यांसाठी

दुखणाऱ्या माणसाला औषधाआधी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे विश्वास. ऊसतोडीच्या फडात, द्राक्षाच्या बागेत राबणाऱ्या माणसाचा हात हेच त्याचे भांडवल. त्या हाताला कापडाचाही स्पर्श सोसत नसताना तो कामावर जातो आणि संध्याकाळी आळशी ठरतो. याहून मोठा अन्याय कोणता?

रविवारी वंदनेसाठी आपण विहारात जमतोच. वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. ज्यांना मधुमेह आहे, ज्यांना नागीण होऊन गेली, ज्यांच्या हातापायाला जुनी इजा आहे, त्यांना बसवून वरचे प्रश्न विचारा. एक कापसाचा बोळा आणि एक स्टीलचा चमचा एवढे साहित्य पुरते. आशाताईंना बोलवा, नावे लिहून घ्या आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांना मिळून तालुक्याच्या दवाखान्यात न्या. एकटा माणूस डॉक्टरांसमोर गांगरतो. चार जण मिळून गेले की नीट सांगताही येते आणि नीट ऐकलेही जाते.

जय भीम!